सूचनेनुसार वाक्यरूपांतर: अर्थ उलटा का होतो?

प्रश्न: माझे शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाले. घरी मराठी बोलते, वाचतेही. पण व्याकरण असे कधी शिकलेच नाही. आता स्पर्धा परीक्षेत मराठीचा पेपर द्यायचा आहे आणि ‘सूचनेनुसार वाक्यरूपांतर करा’ या प्रश्नात दर वेळी गुण जातात. ‘सगळे कर्मचारी वेळेवर आले’ याचे नकारार्थी मी ‘सगळे कर्मचारी वेळेवर आले नाहीत’ असे केले, ते चूक. ‘तो नेहमी खरे बोलतो’ याचे ‘तो नेहमी खोटे बोलत नाही’ केले, तेही चूक. ‘दार उघडले आणि मांजर आत शिरले’ याचे केवल वाक्य ‘दार उघडून मांजर आत शिरले’ असे लिहिले, त्यावरही काट. नियम पाठ आहेत, पण वाक्य समोर आले की गोंधळ उडतो. अगदी पहिल्यापासून, सोप्या शब्दांत सांगाल का?

उत्तर: तुमच्या तिन्ही चुका वरवर वेगळ्या दिसतात, पण मूळ एकच आहे. तुम्ही दर वेळी नियमाचा अर्धाच भाग वापरला. वाक्यरूपांतराचा जवळजवळ प्रत्येक नियम जोडीने चालतो: एक बदल केला की अर्थ हलतो, आणि दुसरा बदल तो अर्थ परत जागेवर आणतो. पहिला बदल करून थांबलात की वाक्य व्याकरणाला धरून असते, कानालाही बरे वाटते, पण सांगते काहीतरी भलतेच.

म्हणून नियमांच्या आधी एक कसोटी शिकून घ्या. मूळ वाक्य आणि तुमचे वाक्य शेजारी ठेवा आणि विचारा: यातले एक खरे आणि दुसरे खोटे ठरेल असा एखादा प्रसंग रचता येतो का? रचता आला तर रूपांतर फसले. तुमचे पहिलेच उदाहरण घ्या. सगळे कर्मचारी वेळेवर आले असा दिवस डोळ्यांसमोर आणा. त्या दिवशी ‘सगळे कर्मचारी वेळेवर आले नाहीत’ हे वाक्य सरळ खोटे आहे. तिथेच निकाल लागला. नियम आठवला नाही तरी ही कसोटी तुम्हाला वापरता येईल, कारण मराठी तुम्हाला येतेच आहे.

आता होकारार्थी आणि नकारार्थी. काही पुस्तकांत यांना करणरूपी आणि अकरणरूपी म्हणतात. वाक्य कोणत्या गटातले हे क्रियापदावरून ठरते, वाक्यातल्या भावनेवरून नाही. ‘तो अप्रामाणिक आहे’ हे होकारार्थी वाक्य आहे. गोष्ट वाईट सांगितली असली तरी क्रियापद ‘आहे’ आहे. ‘त्याच्यात काही दोष नाही’ हे कौतुक असूनही नकारार्थी. प्रश्नपत्रिकेत याच ठिकाणी हमखास फसवतात.

सर्वांत साधा नियम असा की क्रियापद नकारी करायचे आणि वाक्यातला एक महत्त्वाचा शब्द विरुद्धार्थी करायचा. ‘दार उघडे होते’ याचे ‘दार बंद नव्हते’. ‘ती सभेला उपस्थित होती’ याचे ‘ती सभेला अनुपस्थित नव्हती’. नकार दोन झाले, एकाने दुसऱ्याला कापले, अर्थ तसाच राहिला. उलट दिशेलाही हेच. ‘काम अपूर्ण राहिले नाही’ याचे ‘काम पूर्ण झाले’.

विरुद्धार्थी शब्द निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. ‘पाणी गरम आहे’ याचे ‘पाणी थंड नाही’ असे कोणीही पटकन लिहील. पण पाणी कोमट असेल तर? ते थंड नाही हे खरे, गरम आहे हे खोटे. कसोटीत वाक्य नापास. गरम आणि थंड, श्रीमंत आणि गरीब, उंच आणि बुटका या जोड्यांच्या मधे मोकळी जागा असते. उघडे–बंद, हजर–गैरहजर, पूर्ण–अपूर्ण, पास–नापास, जिवंत–मृत या जोड्यांत मधली जागा नाही. एक नसेल तर दुसरे असणारच. निवड तुमच्या हातात असेल तेव्हा दुसऱ्या प्रकारची जोडी शोधा. अ-, अन-, गैर-, ना- असे उपसर्ग लागून झालेले शब्द बहुधा या कामाला येतात. बहुधा म्हटले, कारण ‘अमूल्य’ म्हणजे मूल्य नसलेले असे समजून ‘हे रत्न अमूल्य नाही’ लिहिणारेही भेटतात. अमूल्य म्हणजे ज्याचे मोल करता येत नाही इतके मौल्यवान. परीक्षेत ‘तो श्रीमंत आहे’ याच्या उत्तरात ‘तो गरीब नाही’ हाच पर्याय दिलेला असेल तर मुकाट्याने तोच निवडा. तिथे वाद घालून गुण मिळत नाहीत. पण स्वतः वाक्य लिहिताना हा फरक लक्षात असू द्या.

खरी गंमत सुरू होते ती ‘सगळे’, ‘नेहमी’, ‘प्रत्येक’, ‘सगळीकडे’ असे शब्द आले की. इथे दोन बदल पुरत नाहीत, तीन लागतात. ‘नेहमी’चे ‘कधीही’ करायचे, मुख्य शब्द विरुद्धार्थी करायचा आणि क्रियापद नकारी करायचे. तुमच्या वाक्यावर पाहा:

तो नेहमी खरे बोलतो. (मूळ)
तो कधीही खरे बोलत नाही. (‘नेहमी’ आणि क्रियापद बदलले, ‘खरे’ तसेच: अर्थ पूर्ण उलटा)
तो नेहमी खोटे बोलत नाही. (शब्द आणि क्रियापद बदलले, ‘नेहमी’ तसेच: म्हणजे अधूनमधून खोटे बोलतो!)
तो कधीही खोटे बोलत नाही. (तिन्ही बदलले: बरोबर)

तिसरी ओळ तुमची. ती पहिल्या नजरेला योग्य वाटते ते यामुळे की दोन नकार बरोबर जुळले आहेत. घोटाळा ‘नेहमी’ने केला. ‘नेहमी… नाही’ म्हणजे ‘दर वेळी असे होत नाही’, आणि ‘कधीही… नाही’ म्हणजे ‘एकदाही असे होत नाही’. ‘सगळे… नाहीत’ आणि ‘एकही… नाही’ यांतही तोच फरक. म्हणून ‘सगळे’, ‘प्रत्येक’ यांचे ‘एकही’ किंवा ‘कोणीही’, ‘सगळीकडे’चे ‘कुठेही’, ‘सर्व काही’चे ‘काहीही’ करायचे, ही जोडी पक्की करा.

मग कर्मचाऱ्यांचे काय? ‘एकही कर्मचारी उशिरा आला नाही’ हे उत्तर सर्वसाधारणपणे बरोबर धरले जाईल. क्रियापद ‘आले’चे ‘आला’ झाले आहे हेही पाहा. ‘एकही’ एकवचनी असल्यामुळे ‘एकही कर्मचारी आले नाहीत’ चालत नाही. पण कसोटी कडक लावली तर इथेही एक फट दिसते. समजा एक कर्मचारी त्या दिवशी आलाच नाही. उशिरा कोणी आले नाही, हे खरे; सगळे वेळेवर आले, हे खोटे. ही फट बुजवायची तर ‘वेळेवर आला नाही असा एकही कर्मचारी नव्हता’ असे लिहा. वाक्य जरा लांबते, पण विरुद्धार्थी शब्द शोधावाच लागत नाही. मूळ शब्द तसाच ठेवून त्याला ‘नाही’ जोडायचे आणि ‘असा एकही… नाही’ने गाठ मारायची. विरुद्धार्थी शब्द सुचत नसेल तेव्हा ही रचना हुकमी आहे.

‘फक्त’ किंवा ‘-च’ आला की वेगळी वाट. ‘फक्त तिलाच रस्ता माहीत आहे’ याचे ‘तिच्याशिवाय कोणालाही रस्ता माहीत नाही’. इथे ‘माहीत’चा विरुद्धार्थी शब्द घ्यायचा नाही, कारण दुसऱ्या नकाराचे काम ‘शिवाय’ करतो. ‘तिच्याशिवाय कोणीही रस्त्याबद्दल अनभिज्ञ नाही’ असे लिहिलेत तर नकार तीन होतात आणि अर्थ पुन्हा कोलमडतो. ‘शिवाय’, ‘खेरीज’, ‘वाचून’, ‘न’, ‘नाही’ आणि शब्दाला चिकटलेला नकारी उपसर्ग, हे सगळे मोजायचे. संख्या सम असेल तर अर्थ होकाराकडे, विषम असेल तर नकाराकडे. ‘तो आल्याशिवाय राहणार नाही’ यात दोन. म्हणून होकारार्थी रूप ‘तो नक्की येईल’.

तुलनेच्या वाक्यात ‘दुसरा’ हा शब्द विसरू नका. ‘हे शिखर सर्वांत उंच आहे’ याचे ‘याच्याइतके उंच दुसरे शिखर नाही’. ‘दुसरे’ गाळले तर ‘याच्याइतके उंच शिखर नाही’ असे उरते, आणि ते शिखर स्वतः स्वतःइतके उंच असतेच! बोलताना आपण सर्रास गाळतो, समोरचा समजून घेतो. लेखी उत्तरात तो शब्द राहू द्या.

‘हवे’ आणि ‘पाहिजे’ यांचा नकार ‘नको’ आहे, आणि तो सरळ लावला की अर्थ उलटतो. ‘मला मदत हवी आहे’ याचे ‘मला मदत नको’ करता येत नाही. ‘मदतीशिवाय माझे चालणार नाही’ असे करावे लागते. ‘अर्ज आजच द्यायला हवा’ याचे ‘अर्ज आज न देऊन चालणार नाही’. आज्ञार्थी वाक्यात ‘नको, नकोस, नका’ येतात: ‘शांत बसा’ याचे ‘गडबड करू नका’, ‘खरे बोल’ याचे ‘खोटे बोलू नकोस’. आदर आणि वचन मूळ वाक्यातलेच ठेवायचे. मुळात ‘बसा’ असेल तर उत्तरात ‘नकोस’ येणार नाही.

क्रियापदांची नकारी रूपे तुम्ही रोज बोलता, तरी लिहिताना अडायला होते, म्हणून एकदा नजर टाका. आहे–नाही, आहेत–नाहीत, होता–नव्हता, असतो–नसतो, असेल–नसेल, आला असता–आला नसता. ‘येतो’चे ‘येत नाही’, ‘आला आहे’चे ‘आलेला नाही’. भविष्यकाळात रूपच बदलते: ‘येईल’चे ‘येणार नाही’, ‘येईल नाही’ कधीच नाही. ‘यावे’चे ‘येऊ नये’. काळ मात्र मूळचाच राहायला हवा. ‘होता’चे ‘नाही’ करून ठेवणे ही घाईतली नेहमीची चूक आहे.

प्रश्नार्थी वाक्यांकडे येऊ. पहिली गोष्ट म्हणजे प्रत्येक प्रश्नाचे विधान होत नाही. ‘गाडी किती वाजता सुटते?’ हा माहिती विचारणारा प्रश्न आहे. उत्तर कळल्याशिवाय त्याचे विधान कुठून करणार? ज्या प्रश्नाचे उत्तर प्रश्नातच दडलेले असते, त्याचेच रूपांतर होते. आणि ते तिरपे होते: होकारी प्रश्नाचे नकारी विधान, नकारी प्रश्नाचे होकारी विधान. ‘हे कोणाला जमेल?’ म्हणजे ‘हे कोणालाही जमणार नाही’. ‘त्यांना कोण ओळखत नाही?’ म्हणजे ‘त्यांना सगळेच ओळखतात’. ‘आता रडून काय उपयोग?’ म्हणजे ‘आता रडून काहीच उपयोग नाही’.

विधानाचा प्रश्न करताना बहुतेक जण वाक्य जसेच्या तसे ठेवतात आणि शेवटी ‘का?’ चिकटवतात. ‘आकाश अमर्याद आहे’ याचे ‘आकाश अमर्याद आहे का?’ केले की विधानाच्या जागी शंका उभी राहते. ‘आकाशाला मर्यादा आहे का?’ असे हवे. ऐकणारा मनात ‘नाही’ म्हणतो आणि मूळ अर्थ आपोआप पुरा होतो. दुसरा सोपा मार्ग ‘नाही का’चा: ‘आकाश अमर्याद नाही का?’ दोन्ही चालतात.

उद्गारार्थी वाक्ये त्यामानाने सोपी. ‘किती’, ‘केवढा’, ‘काय’ काढायचे, त्या जागी ‘खूप’, ‘फार’, ‘अतिशय’ घालायचे, उद्गारचिन्हाऐवजी पूर्णविराम द्यायचा आणि शब्दांचा क्रम सरळ करायचा. ‘किती उंच ही इमारत!’ याचे ‘ही इमारत खूप उंच आहे’. मुळात क्रियापद नव्हते, ते आपण पुरवले. उलट करताना ‘खूप’ काढायला विसरू नका, नाहीतर ‘किती खूप उंच’ असले काहीतरी तयार होते. ‘अरेरे’, ‘वा’, ‘अबब’ हे शब्द गळतात, पण त्यांतले दुःख, कौतुक, आश्चर्य विधानात कुठेतरी उतरले पाहिजे. ‘काय हे अक्षर!’ यासारखे वाक्य एकटेच आले तर कौतुक की नाराजी हे कळत नाही, त्यामुळे मागचापुढचा संदर्भ पाहावा लागतो. एक प्रकार मात्र जरा अवघड आहे. ‘मला आणखी थोडा वेळ मिळाला असता तर!’ यात हळहळ आहे आणि वेळ मिळालेला नाही. ‘मला आणखी थोडा वेळ मिळाला’ केलेत तर घटनाच बदलली. ‘मला आणखी थोडा वेळ मिळायला हवा होता, असे वाटते’ हे योग्य.

आता तुमचे मांजर. केवल, संयुक्त आणि मिश्र ही वाक्याच्या बांधणीची नावे आहेत. सुरुवात क्रियापदे मोजण्यापासून करा. वाक्य पूर्ण करणारे एकच क्रियापद असेल तर केवल. ‘येत आहे’, ‘गेला होता’ ही एकेकच मोजायची. ‘आणि’ दिसला की संयुक्त असेही समजू नका: ‘काका आणि काकू आले’ यात क्रियापद एकच, म्हणून केवल. दोन क्रियापदे असतील तर जोडणारा शब्द पाहा. ‘आणि, व, किंवा, पण, परंतु’ अशा शब्दांनी दोन बरोबरीची वाक्ये जोडली असतील तर संयुक्त. ‘की, कारण, जर–तर, जरी–तरी, जेव्हा–तेव्हा, जो–तो’ असतील तर एक मुख्य, दुसरे त्याच्यावर अवलंबून, म्हणून मिश्र.

एकच आशय तिन्ही रूपांत कसा दिसतो ते पाहा:

पाऊस आल्यामुळे सामना थांबला. (केवल)
पाऊस आला म्हणून सामना थांबला. (संयुक्त)
सामना थांबला, कारण पाऊस आला. (मिश्र)

‘म्हणून’ हा शब्द दोन्हीकडे खेळतो, आणि निम्मे गुण तोच खातो. वर त्याने परिणाम सांगितला, म्हणून संयुक्त. पण ‘गाडी चुकू नये म्हणून ती लवकर निघाली’ यात त्याने हेतू सांगितला आहे. हे वाक्य मिश्र. ओळखायची खूण सोपी आहे. ‘म्हणून’च्या आधी ‘मिळावे’, ‘व्हावा’, ‘चुकू नये’ असे इच्छेचे रूप असेल तर हेतू. ‘आला’, ‘थांबला’, ‘चुकली’ असे घडून गेलेले रूप असेल तर परिणाम.

दोन क्रियापदांचे एक करायचे म्हणजे पहिल्याचे धातुसाधित (क्रियापदापासून बनलेले, पण वाक्य पूर्ण न करणारे रूप) करायचे: -ऊन, -ताच, -ल्यावर, -ल्यामुळे, -ल्यास, -लेला, -णारा यांपैकी काहीतरी. कोणते, ते दोन घटनांच्या नात्यावरून ठरते. एक होताच दुसरी झाली तर ‘-ताच’. कारण असेल तर ‘-ल्यामुळे’. अट असेल तर ‘-ल्यास’: ‘जर वेळेवर निघालात तर गाडी मिळेल’ याचे ‘वेळेवर निघाल्यास गाडी मिळेल’. ‘पण’ असेल तर ‘असूनही’: ‘तो थकला होता पण चालत राहिला’ याचे ‘थकलेला असूनही तो चालत राहिला’, आणि मिश्र हवे असेल तर ‘जरी तो थकला होता तरी चालत राहिला’. ‘जो–तो’ असेल तर ‘-लेला’: ‘जो मुलगा खिडकीशी बसला आहे तो माझा भाऊ आहे’ याचे ‘खिडकीशी बसलेला मुलगा माझा भाऊ आहे’.

‘-ऊन’ वापरण्यापूर्वी मात्र विचारा: दोन्ही क्रिया एकाच कर्त्याच्या आहेत का? ‘ती उठली आणि बाहेर गेली’ याचे ‘ती उठून बाहेर गेली’ अगदी ठीक. उठणारी तीच, जाणारी तीच. ‘दार उघडले आणि मांजर आत शिरले’ यात उघडले दार, शिरले मांजर. ‘दार उघडून मांजर आत शिरले’ म्हटले की मांजराने पंजाने कडी काढून दार उघडले असा अर्थ होतो. ‘दार उघडताच मांजर आत शिरले’ हे केवल, आणि ‘जेव्हा दार उघडले तेव्हा मांजर आत शिरले’ हे मिश्र. तुम्ही म्हणाल, ‘वीज पडून झाड जळाले’ हे तर सगळेच बोलतात, तिथे कर्ते वेगळे आहेत. बरोबर आहे. पहिल्या घटनेचा कर्ता निर्जीव आणि ती घटना दुसरीचे कारण असेल तर मराठी ‘-ऊन’ला सूट देते: पाऊस पडून चिखल झाला. पण दुसऱ्या क्रियेचा कर्ता स्वतः काही करू शकणारा जीव असला की ऐकणारा पहिली क्रियाही त्याच्याच नावावर टाकतो. शंका आली की ‘-ल्यावर’ किंवा ‘-ताच’ घ्या. त्यांना कर्ते वेगळे असल्याचे वावडे नाही.

तुम्ही विचारले नाहीत, पण सूचनांत ‘प्रयोग बदला’ असेही येते. कर्त्याप्रमाणे क्रियापद बदलते तो कर्तरी, कर्माप्रमाणे बदलते तो कर्मणी, कोणाहीप्रमाणे बदलत नाही तो भावे. ओळखण्यासाठी कर्त्याचे लिंग बदलून पाहा. ‘मुलगा खुर्ची बनवतो’, ‘मुलगी खुर्ची बनवते’: क्रियापद हलले, कर्तरी. ‘मुलाने खुर्ची बनवली’, ‘मुलीने खुर्ची बनवली’: हलले नाही. आता कर्म बदला, ‘मुलीने टेबल बनवले’: हलले, कर्मणी. ‘शिपायाने चोराला पकडले’ यात ‘चोराला’च्या जागी ‘बाईला’, ‘मुलांना’ काहीही घाला, ‘पकडले’ तसेच, हा भावे. ‘-ला’ काढून ‘शिपायाने चोर पकडला’ केले की कर्मणी.

इथली ठरलेली चूक काळाची. ‘सुतार खुर्ची बनवतो’ याचे कर्मणी ‘सुताराने खुर्ची बनवली’ असे लिहितात. प्रयोग बदलला खरा, पण वर्तमानाचा भूतकाळ झाला. ‘सुताराकडून खुर्ची बनवली जाते’ असे हवे. याला नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी म्हणतात. यात काळ ‘जाणे’ हे क्रियापद वाहते: बनवली जाते, बनवली गेली, बनवली जाईल. वाक्यात कर्मच नसेल तर कर्मणीचा प्रश्नच येत नाही. आणि भूतकाळ दिसला, कर्म दिसले की डोळे झाकून कर्मणी म्हणू नका. ‘मी छत्री विसरलो’, ‘ती पाणी प्यायली’, ‘तो धडा शिकला’ यांत क्रियापद कर्त्याच्या मागे जाते, म्हणून कर्तरी. विसरणे, पिणे, शिकणे, बोलणे अशी थोडीच क्रियापदे आहेत, ती पाठच करून टाका. जाता जाता एक सांगणे: ‘कडून… गेले’ची रचना परीक्षेत विचारली तरच वापरा. रोजच्या लेखनात ‘माझ्याकडून पत्र लिहिले गेले’पेक्षा ‘मी पत्र लिहिले’ केव्हाही बरे.

सरावासाठी वेगळे पुस्तक लागत नाही. वर्तमानपत्रातली ५ वाक्ये रोज घ्या आणि पहिला आठवडा फक्त होकार–नकार करा. उत्तरे वेगळ्या कागदावर लिहा. दुसऱ्या दिवशी मूळ वाक्ये न पाहता त्या उत्तरांचे परत होकारार्थी करा आणि मग ताडून पाहा. परतीचे वाक्य मूळ वाक्याच्या अर्थाला येऊन मिळाले नाही तर कालच्या उत्तरात काहीतरी सांडले होते. बहुधा ‘सगळे’, ‘नेहमी’, ‘फक्त’ किंवा काळ यांपैकीच एक असते. केवल–संयुक्त–मिश्र हे त्यानंतर घ्या, प्रयोग शेवटी. तिन्ही एकदम सुरू केलेत तर सूचनांचीच सरमिसळ होते.

परीक्षेत चार पर्याय असतील तर आधी नुसते रूप पाहा. नकारार्थी मागितले असताना ज्या पर्यायाचे क्रियापद होकारी आहे, तो अर्थ न वाचताच बाद. मग काळ आणि वचन जुळते का पाहा. इथे आणखी एखादा गळतो. उरलेल्या दोघांना कसोटी लावा. शब्द सुधारण्याच्या फंदात पडू नका: मूळ वाक्यात ‘घर’ असेल तर उत्तरात ‘निवासस्थान’ कशाला? आणि लेखी उत्तरात जे बदलायला सांगितलेले नाही, ते जागचे हलवू नका. तपासणारा आधी तुमचे क्रियापद पाहतो, मग विरुद्धार्थी शब्द, आणि मग वाक्यातले काही गळले किंवा जादा आले का ते.